लाइमग्रस्त मुलांसाठी मुंबईतून जाणाऱ्या पुड्या : आयुष राज्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. श्री. प्रतापराव जाधव,
केंद्रीय राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार), आयुष मंत्रालय,
तथा राज्यमंत्री, आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्रालय
यांस सविनय नमस्कार.

मी मुंबईत, दादरला, आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. हे पत्र आपल्यालाच लिहिण्याचं कारण म्हणजे आयुष आणि आरोग्य या दोन्ही खात्यांशी आपला संबंध आहे, आणि माझा प्रश्न नेमका या दोन खात्यांच्या मधल्या जागेतला आहे. शिवाय आपण बुलढाण्याचे, आणि ज्या आईवडिलांबद्दल मी लिहिते आहे तेही बहुतेक मराठीच. फक्त ते राहतात न्यू जर्सीत, कनेक्टिकटमध्ये, मॅसॅच्युसेट्समध्ये. तिकडे त्यांच्या मुलांना लाइम नावाचा आजार होतो आणि त्यावरची वनौषधं मात्र मुंबईतून मागवली जातात.

आजाराची थोडी ओळख करून देते, कारण आपल्याकडे तो क्वचितच दिसतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात काळ्या पायांची एक गोचीड असते. तिचं पिल्लू खसखशीएवढं असतं, त्यामुळे ते मुलाच्या मांडीमागे किंवा कानामागे चिकटलं तरी आंघोळ घालतानासुद्धा दिसत नाही. ते दीड-दोन दिवस चिकटून राहिलं की बोरेलिया नावाचा पिळदार जंतू अंगात जातो. तीन ते तीस दिवसांत लाल, हळूहळू पसरत जाणारा चट्टा उठतो. शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणांना तो येतो, बाकीच्यांना येतच नाही. पुढे तोंड वाकडं होऊ शकतं, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, काही महिन्यांनी गुडघा सुजतो. तिकडे वर्षाला अंदाजे ४,७६,००० लोकांवर या आजाराचे उपचार होतात, आणि पाच ते पंधरा वर्षांची मुलं त्यांत मोठ्या संख्येने असतात.

हा आजार उजेडात आला तोच आयांमुळे. १९७५ साली कनेक्टिकटमधल्या लाइम आणि ओल्ड लाइम या गावांत एकाच भागातल्या कितीतरी मुलांचे गुडघे सुजले. डॉक्टर त्याला लहान मुलांचा संधिवात म्हणत होते. दोन आयांनी ते मानलं नाही. त्या आरोग्य खात्याच्या आणि येल विद्यापीठाच्या मागे लागल्या आणि तिथून संशोधन सुरू झालं. पुढे १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीत तो जंतू सापडला. म्हणून मुलाचं दुखणं घेऊन डॉक्टरशी वाद घालणाऱ्या आईला मी कधीही अडाणी म्हणणार नाही. माझं गाऱ्हाणं तिच्याबद्दल नाहीच.

माझ्याकडे येतात त्या बहुधा आज्या. अशाच एक आजी मे महिन्यात आल्या होत्या, पार्ल्याच्या. हातात मोबाइल, त्यावर सुनेने पाठवलेली यादी : किराईत, अश्वगंधा, गुळवेल, आणि खाली जपानी नॉटवीड, कॅट्स क्लॉ अशी इथे न मिळणारी नावं. नातू सात वर्षांचा, उजवा गुडघा सुजलेला. अँटिबायोटिक सुरू केलं होतं, पण पोट बिघडलं, सूज उतरेना, म्हणून आईने आठवड्यातच बंद केलं. आजींना चूर्णं करून हवी होती. मेतकूट आणि गोडा मसाल्याच्या पिशव्यांमध्ये ठेवून जाणाऱ्या पाहुण्याबरोबर द्यायची होती. सात वर्षांच्या मुलाला किती द्यायचं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बाळगुटीचे वळसे जसे वाढवतो, तसंच ना हे?"

मी त्यांना चूर्ण दिलं नाही. बसवलं, सुनेला फोन लावायला सांगितला आणि अर्धा तास बोलले. त्या अर्ध्या तासात जे बोलले, ते खरं तर आपल्या मंत्रालयाने छापील पत्रकात सांगायला हवं होतं. ते कुठेही नाही.

आई औषध का बंद करते, ते बघा. डॉक्सीसायक्लीन या अँटिबायोटिकने मुलाचे दात पिवळे पडतात, असं तिने ऐकलेलं असतं. ती भीती जुन्या टेट्रासायक्लीनमुळे आलेली आहे. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना आता म्हणते की एकवीस दिवसांपर्यंत डॉक्सीसायक्लीन कोणत्याही वयाच्या मुलाला देता येतं, आणि अमॉक्सिसिलीनचा पर्याय तर असतोच. साध्या चट्ट्याला दहा ते चौदा दिवसांचा कोर्स पुरतो, सुजलेल्या गुडघ्याला अठ्ठावीस दिवसांचा लागतो. सूज त्या अठ्ठावीस दिवसांतही पूर्ण उतरेलच असं नाही. ती हळूहळू ओसरते, आणि नाहीच ओसरली तर पुढचे उपचार आहेत. पण हे आधी कोणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे दहाव्या दिवशी आईला वाटतं, औषध लागू पडत नाहीये.

त्याहून मोठा घोळ रक्ततपासणीचा. ही तपासणी जंतू शोधत नाही, शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि मूल बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. आई सहा महिन्यांनी स्वतःहून पुन्हा टेस्ट करून घेते, पॉझिटिव्ह आलेली बघते आणि रात्रभर झोपत नाही. जंतू अजून अंगात आहे, डॉक्टर ऐकत नाहीत, तेव्हा आता आपलं आयुर्वेद! त्यात शंभरातल्या पाच-दहा जणांना उपचारांनंतरही थकवा आणि अंगदुखी राहते, हे खरंच आहे. महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालू ठेवून त्यांना फायदा होत नाही, हेही चाचण्यांतून दिसलं आहे. डॉक्टर "आता वाट बघू" म्हणतात. मूल थकलेलं असताना नुसती वाट बघणं कुठल्या आईला जमेल? नेमक्या त्या दिवसांत तिच्या मोबाइलवर लाइमच्या वनौषधींची जाहिरात येते, बाटलीवर संस्कृत नाव, किंमत डॉलरमध्ये.

आता औषधांविषयी, वैद्य म्हणून. कालमेघ, म्हणजे आपली पालेकिराईत, लाइमवरच्या अशा बहुतेक याद्यांत असते. २०२० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक वनस्पतींचे अर्क प्रयोगशाळेत बोरेलियावर वापरून पाहिले. आफ्रिकेतली क्रिप्टोलेपिस, काळा अक्रोड, नॉटवीड यांचा परिणाम दिसला. कालमेघाचा जवळपास नाहीच. आणि ज्यांचा दिसला, तोही काचेच्या भांड्यातल्या जंतूंवर. माणसांवर नीट चाचणी होऊन लाइम बरा झाला, असं आजवर कोणत्याही वनस्पतीबद्दल सिद्ध झालेलं नाही, मुलांवर तर नाहीच नाही. उलट ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने कालमेघामुळे तीव्र ॲलर्जी झाल्याच्या नोंदी घेतल्या आहेत. शिवाय दुकानात नुसती किराईत मागितली तर कधी काडेकिराईत मिळते, कधी पालेकिराईत. दोन्ही कडू, पण वनस्पती पूर्ण वेगळ्या. एकदा चूर्ण झालं की पार्ल्याच्या आजींनाच काय, मलाही नजरेने ओळखता येणार नाही.

गुळवेलीचं तर आपल्याला ठाऊकच आहे. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत, करोनाकाळात, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्या मंत्रालयाने तेव्हा उत्तर दिलं की खऱ्या गुळवेलीऐवजी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता आहे. मी ते उत्तर प्रामाणिक मानते. पण मग मोठ्या माणसांच्या बाबतीत इथे, मुंबईत, वेल ओळखण्यात गल्लत होत असेल, तर सातासमुद्रापार वीस-बावीस किलोच्या पोराला ती चमच्याने देणाऱ्या आईच्या पाठीशी कोण उभं आहे?

शिसं, पारा, सोमल (आर्सेनिक) यांबद्दल बोलायला आमच्या व्यवसायातल्या लोकांना आवडत नाही. २००४ साली बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू सापडले होते. त्यानंतर आपल्याच खात्याने २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनस्पतीजन्य औषधांना जड धातूंची तपासणी बंधनकारक केली. हे चांगलं झालं. पण मेतकुटाच्या पिशवीशेजारून जाणारी पुडी निर्यात ठरत नाही, तिची तपासणी कोणी करत नाही. आणि शिशाचा सर्वांत जास्त त्रास होतो तो वाढत्या मेंदूला.

१९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदाही इथे तोकडा पडतो. ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायला त्यात बंदी आहे, त्यांच्या यादीत लाइम नाही, कारण ती यादी झाली तेव्हा या आजाराला नावच मिळालेलं नव्हतं.

साहेब, स्पष्ट कसं बोलायचं ते आपल्याला मुंबईतच शिकता येईल. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू लाइमच्या जंतूचाच भाऊबंद, तोही पिळदार, आणि त्यावरही डॉक्सीसायक्लीन चालतं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोने या शहरात कितीतरी बळी घेतले. तेव्हापासून दर पावसाळ्यात महापालिका सांगते : साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या, मोठ्यांना अमुक, गरोदर बायकांना तमुक, आठ वर्षांखालच्या मुलांना हे. वय, वेळ, औषध, सगळं सांगितलेलं. चाळीतल्या बाईलाही कळतं. काढा पिऊन बघा मग ठरवू, असं त्यात कुठेही नसतं, आणि त्याने आयुर्वेदाचा अपमान झाला असं मला एकदाही वाटलेलं नाही.

तसंच एक पत्रक लाइमबद्दल आपल्या मंत्रालयाच्या नावाने निघावं, ही माझी मागणी. मराठी, गुजराती, तमिळ, तेलुगू, हिंदी, पंजाबी, जमतील तेवढ्या भाषांत. ते आरोग्य मंत्रालयाने काढून भागणार नाही, आयुषनेच काढायला हवं, कारण आई विश्वास ठेवते तो आयुर्वेदावर. त्यात सरळ लिहा की लाइमचं औषध अँटिबायोटिक आहे, कोर्स पूर्ण करा, कोणतीही वनस्पती त्याची जागा घेऊ शकत नाही. पोट बिघडलं तर औषध न थांबवता डॉक्टरांना फोन करा. बरं झाल्यावर पुन्हा पुन्हा टेस्ट करू नका. आधीच काही चूर्ण देत असाल तर तिथल्या डॉक्टरांना न लपवता सांगा, बाटलीचा फोटो दाखवा. आया हे लपवतात, कारण डॉक्टर रागावतील अशी भीती असते, आणि मग यकृताच्या तपासणीत आकडे वाढलेले दिसले तरी कारण सापडत नाही. थकवा उरलेल्या मुलाच्या झोपेसाठी, भुकेसाठी, हळूहळू खेळायला लागण्यासाठी वैद्य काय करू शकतो, तेही लिहा. मऊ भात, मुगाचं कढण, तेलाचं हलकं अभ्यंग, हे आमचं काम आहे आणि ते आम्ही आनंदाने करू.

बाटल्यांवरच्या लेबलांचंही बघा. मुलांसाठी अभ्यास झालेला नसेल तर तसं ठळक छापायला उत्पादकांना भाग पाडा. मोठ्यांच्या अर्ध्या मात्रेचा हिशेब आईने ओट्याजवळ उभं राहून करावा, हे कौमारभृत्य, म्हणजे बालरोगांची शाखा, शिकवणाऱ्या शास्त्राला शोभत नाही.

आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा २०१८ पासून आहे, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत तिचं मुख्य केंद्र आहे. माझ्याकडे येणाऱ्या एकाही पालकाला ती माहीत नव्हती. पत्रकाच्या तळाशी तिचा पत्ता द्या, परदेशातून लिहिता येईल असा.

आणि एक काम आमच्या बाजूचं. जून-जुलैत तिकडच्या शाळांना सुट्टी लागली की ही मुलं आजी-आजोबांकडे येतात, पार्ल्यात, मुलुंडला, ठाण्याला. गोचीड चावलेली असते अमेरिकेत, तोंड वाकडं होतं इथे. बीएएमएस झालेला आमचा तरुण वैद्य अर्दित, म्हणजे चेहऱ्याचा वात, म्हणून नस्य (नाकात औषध घालणं) सुरू करील, कारण लाइम त्याने पाहिलेलाच नाही. इथल्या बऱ्याच एमबीबीएस डॉक्टरांचंही तेच. बाहेरून आलेल्या मुलाचं तोंड वाकडं दिसलं, एकच गुडघा सुजलेला दिसला, तर गेल्या काही महिन्यांत गवतात-झाडीत खेळला होता का, एवढं विचारायचं आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं. हे शिकवायला एक दुपार पुरेल. वरळीच्या पोदार महाविद्यालयात अशी दुपार ठेवलीत तर व्यवस्थेचं सगळं काम मी आणि माझे सहकारी करू.

तिकडे गोचिडीच्या पिल्लांचा मोसम मे महिन्यात सुरू होतो. पत्रक एप्रिलपर्यंत निघालं तर ते वेळेवर पोहोचेल. मराठी मसुदा मी तयार करून ठेवला आहे. आपल्या कार्यालयाने तो कुणाकडे पाठवायचा तेवढं कळवावं.

कळावे,
आपली विश्वासू,
दादर येथील एक आयुर्वेद वैद्य