वाचनालयातल्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या आपल्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशी रोज सकाळी बसणाऱ्या तुम्हाला हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे, कारण समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही विषय बदलता. एम. ए.चा माझा निबंध परवा पुरा झाला. तो पुन्हा वाचताना हे लिखाण माझे आहे, गाइडातून उतरलेले नाही, असे मला पहिल्यांदाच वाटले.

पदवीच्या वर्षांत मी काही कमी निबंध लिहिले नाहीत. विषय कोणताही असो, आरंभी सुभाषित, मग व्याख्या, मग फायदे-तोटे आणि शेवटी 'अशा प्रकारे', हा साचा आमच्याकडून पक्का घोटून घेतला गेला. पुरवण्या जितक्या जास्त तितके गुण जास्त, हे उघड गुपित होते. वह्या परत येत त्या शेवटच्या पानावर सही आणि 'विस्तार करा' एवढा शेरा घेऊन. विस्तार नेमका कशाचा, हे विचारायला गेले की वह्यांचा ढीग दाखवला जाई. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांची ओढाताण मला दिसत नाही असे नाही. पण एवढ्या काळात एखादा तरी परिच्छेद कुणी शेवटपर्यंत वाचायला हवा होता, ही खंत आजही जात नाही.

माझा विषय होता 2019 च्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर. घर सांगलीवाडीत असल्यामुळे माहितीला तोटा नव्हता. इर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी 45 फूट, पाणी चढले ते 57 फुटांच्याही वर, कृष्णेवरच्याच, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी 519.60 मीटर, कोयनेचा विसर्ग, हरिपूरला वारणा येऊन मिळते तिथला फुगवटा, असे सगळे ओळीने मांडलेले होते. तुम्ही पहिली दोन पाने सावकाश वाचलीत आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेत, "अलमट्टीमुळे पूर आला, हे सिद्ध करायचे आहे की खोडायचे आहे?" या एका प्रश्नाने माहितीच्या गाठोड्याचा निबंध होऊ लागला. पुराच्या अभ्यासासाठी राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने 2020 मध्ये अलमट्टीला या पुरासाठी जबाबदार धरले नाही, ही गोष्ट शेवटच्या परिच्छेदात होती. ती तुम्ही पहिल्या पानावर आणायला लावलीत, आणि ज्यांना तो निष्कर्ष मुळीच मान्य नाही त्या आमच्या गल्लीतल्या माणसांचा सर्वांत भक्कम मुद्दा, त्यांची टिंगल न करता, तिच्यासमोर उभा करायला सांगितलेत. माझे मत त्यानंतर. मग प्रत्येक आकड्याला आपण विचारत गेलो, तुझे इथे काम काय? निम्मे आकडे निमूटपणे बाहेर पडले.

तरीही आभार मानायचे आहेत ते या शिकवणुकीपेक्षा एका लहानशा गोष्टीचे. पूररेषेवरच्या परिच्छेदात मी लिहिले होते, "कृष्णा घरात शिरली असे आम्ही सगळेच म्हणतो, पण पूररेषेचा नकाशा पाहिला की घरेच आधी कृष्णेत शिरलेली दिसतात." तिथे तुम्ही थांबलात. चष्मा पुसलात, पिशवीतून लाल कापडी बांधणीची ती लांबट वही काढलीत आणि विचारलेत, "हे वाक्य मी उतरवून घेऊ का? तुमची हरकत नसेल तर." मी नुसती मान हलवली, तर तुम्ही तोंडी होकाराची वाट पाहिलीत. मग शाईच्या पेनाने, स्वल्पविरामासकट, वाक्य उतरवून त्याखाली माझे पूर्ण नाव आणि तारीख घातलीत. माझ्या लिखाणातले काही कुणाला स्वतःजवळ ठेवावेसे वाटेल, हे तोवर माझ्या ध्यानीमनीही नव्हते. त्या रात्री मी उरलेली पाने कुणी न सांगता पुन्हा लिहून काढली.

छापखान्यात आयुष्यभर मुद्रिते तपासलेल्या माणसाने एका विद्यार्थिनीच्या मजकुरावर शाई कधी चालवली नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आले. तुमची प्रत्येक सूचना पेन्सिलीत होती. पटली नाही तर खोडून टाकायची मुभा मला होती. ज्याला आपल्यापेक्षा कमी येते त्याच्याशी माणूस कसा वागतो, यावर त्याचे मोठेपण मला आता जोखता येते, आणि सांगलीत अशी माणसे अजून आहेत याचा मला अभिमान वाटतो. त्यांची नावे कुठल्या फलकावर नसतात, एवढेच.

निबंधाची प्रत तुमच्यासाठी काउंटरवर ठेवते आहे. हरिपूरच्या संगमाचा परिच्छेद फार लांबला आहे, हे तुमचे मत मला ठाऊक आहे. तो मी तसाच ठेवला आहे. कारणे मंगळवारी सांगेन. वाद घालायच्या तयारीने यावे.

आपली नम्र,
भूगोलाची एक विद्यार्थिनी, सांगलीवाडी