ट्रकने ट्रक ओलांडताना

महोदय,

महामार्गावर एक अवजड ट्रक दुसऱ्याला ओलांडू लागला की दोघेही बराच वेळ शेजारी शेजारी धावत राहतात आणि मागे वाहनांची रांग वाढत जाते. यामागे उद्दामपणा असतोच असे नाही. बरेचदा ते साधे गणित असते. एकाचा वेग ताशी 80 किलोमीटर आणि दुसऱ्याचा 78 असेल, तर सुरक्षित अंतर धरून लागणारी सुमारे 100 मीटरची आघाडी मिळवायला 3 मिनिटे जातात आणि तेवढ्यात 4 किलोमीटर रस्ता मागे पडतो. ज्याला ओलांडले जात आहे, त्या चालकाने वेग ताशी 5 किलोमीटरने कमी केला, तर हेच काम मिनिटभरात आटोपते. त्याचे नुकसान काही सेकंदांचेच. तरीही हे सौजन्य फार कमी दिसते, याची खंत वाटते.

मोटारचालकांची जबाबदारीही मोठी आहे. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण त्याच्या बाजूला रेंगाळतात किंवा त्याला मागे टाकताच लगेच समोर घुसतात. भरलेल्या ट्रकला थांबायला मोटारीपेक्षा कितीतरी अधिक अंतर लागते आणि चालकाने पुढे राखलेली मोकळी जागा त्यासाठीच असते. ट्रकचा इंडिकेटर लागला की वेग वाढवण्याऐवजी त्याला जागा द्यावी, आणि ट्रकचालकांनीही तो मार्गिका बदलण्याच्या पुरेसा आधी लावावा, बदलता बदलता नव्हे.

– एक वाहनचालक