विषय: होमस्टेच्या वेबसाईटवर आयफोनवरून बुकिंग होत नसल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, वेबसाईट विभाग,
पणजी

महोदय,

मांद्र्याच्या आमच्या तीन खोल्यांच्या होमस्टेची वेबसाईट तुम्ही चतुर्थीआधी करून दिलीत. दिसायला छान आहे, सोप्याचा फोटो तर प्रत्यक्षापेक्षा देखणा आलाय. पण आयफोनवरून तिथे बुकिंगच होत नाही. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तुमच्याकडच्या मुलाचं एकच उत्तर, "काका, आता सगळे क्रोमच वापरतात."

आमच्याकडे दर डिसेंबरात इंग्लंडहून एक वयस्कर जोडपं येतं, महिनाभर राहतं. त्यांच्याकडे जुना आयफोन ७ आहे. त्यांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. तारखेच्या चौकटीवर बोट टेकवतात, काही होत नाही. पुन्हा टेकवतात, पुन्हा तेच. वर तुमची पिवळी पट्टी, 'कृपया क्रोम वापरा'. बिचाऱ्यांनी क्रोमही उतरवून घेतला, तरी चौकट ढिम्म. शेवटी मी त्यांचं नाव वहीत लिहून घेतलं. वहीला ब्राउझर लागत नाही.

ती पट्टी आधी काढा. आयफोनवरचा क्रोम बाहेरून क्रोम, आत पान दाखवणारं इंजिन ॲपलच्या सफारी ब्राउझरचंच, म्हणजे वेबकिट. ॲपलचा नियमच तसा. २०२४ पासून युरोपीय संघात सवलत आहे, पण इंग्लंड त्या संघातून आधीच बाहेर पडलंय.

माझा पुतण्या फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. त्याने तासाभरात दुखणं शोधलं. ईमेल तपासण्याच्या एका ओळीत तुम्ही 'लुकबिहाइंड' नावाचा, अक्षराच्या मागे काय आहे ते पाहणारा प्रकार वापरलाय. सफारीला तो १६.४ आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२३ पासून कळतो. आयफोन ७ आयओएस (आयफोनची प्रणाली) १५ च्या पुढे जात नाही, म्हणून त्याची सफारीही जुनीच राहते. तुमची सगळी स्क्रिप्ट एकाच फाइलीत, त्यामुळे ती एक ओळ वाचता आली नाही की फोन अख्खी फाइलच टाकून देतो, कॅलेंडरसकट. शिवाय पानाची उंची '१०० व्हीएच', म्हणजे पडद्याची पूर्ण उंची, ठेवल्याने नव्या आयफोनवरही 'पैसे भरा' हे बटण खालच्या ॲड्रेस बारमागे दडतं.

आता तुमच्या 'सगळे क्रोमच वापरतात' या म्हणण्याबद्दल. जगात सुमारे दोन-तृतीयांश लोक क्रोम वापरतात, भारतात त्याहून जास्त, हे मला मान्य आहे. पण माझ्या खोल्या जगाची सरासरी भाड्याने घेत नाही. आमचे निम्म्याहून जास्त पाहुणे इंग्लंडचे, आणि तिथे सफारीचा वाटा जगापेक्षा बराच मोठा आहे. तुमच्या सप्टेंबरच्या अहवालात 'सफारीवरून बुकिंग: शून्य' असं लिहून खाली 'प्राधान्य नाही' असा शेरा मारलाय. अहो, दाराला बाहेरून कुलूप घालून, आत कोणी आलं नाही म्हणून नोंद करायची, हा कुठला हिशेब?

पंचविसेक वर्षांपूर्वी म्हापशाच्या सायबर कॅफेत बसायचो तेव्हा जो तो 'इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहा' म्हणायचा. त्याचा वाटा तेव्हा नव्वद टक्क्यांच्या वर गेला होता. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने तोही बंद केला. त्याच्याच भरवशावर बांधलेल्या साइटी ज्यांच्या गळ्यात पडल्या, त्यांना विचारा.

तेव्हा ती ओळ बदला, बटण वर आणा, पट्टी काढा, आणि सफारी व फायरफॉक्सवर तपासून दाखवा, तेही ३१ ऑक्टोबरच्या आत. नोव्हेंबरात सीझन सुरू होतो. तोवर शेवटचा हप्ता मी देणार नाही. करारात 'सर्व प्रमुख ब्राउझरांवर चालेल' असं तुम्हीच लिहिलंय, कलम सहा.

तपासायला आयफोन नसेल तर माझ्या भावजयीचा जुना ७ घेऊन मी शनिवारी पणजीला येतो. कदंबा बसचं तिकीट मात्र तुमच्या खात्यात.

आपला,
होमस्टे मालक,
मांद्रे, पेडणे, गोवा