‘ब्रेक फेल झाला’ एवढंच छापून थांबू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी यावल तालुक्यातला. २७ वर्षं ट्रक चालवला, त्यातली बरीचशी केळीच्या गाडीवर. सावदा, रावेर भागातून माल भरायचा आणि इंदूर, आग्रा करत दिल्लीला नेऊन टाकायचा. आता डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून लाईन सोडली, पण सकाळी पेपर हातात आला की आधी ॲक्सिडेंटची बातमीच वाचतो, कुठली गाडी, कुठला पासिंग नंबर, आपल्या ओळखीतला तर कोणी नाही ना. आणि त्या बातमीत एक वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय, ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचा ताबा सुटला’. बातमी तिथेच संपते. जशी गारपीट झाली, वीज पडली, त्यात कोणाचा काय दोष, तसं.

साहेब, मला या एका वाक्याबद्दलच लिहायचंय, कारण एकदा हे वाक्य माझ्याबद्दल छापून आलं होतं आणि ते खोटं होतं.

२०१० चा एप्रिल होता. इंदूरहून ढेप भरून धुळ्याला येत होतो. मागच्या डाव्या चाकातून आदल्या दिवसापासून किर्र किर्र आवाज येत होता, ब्रेक मारला की जास्त. लायनर, म्हणजे ब्रेक मारला की चाकाच्या ड्रमला आतून घासणारी पट्टी, संपून तिचे रिव्हेट ड्रमला घासायला लागले की तसा आवाज येतो, हे कुठल्याही ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. सेंधव्याला मिस्त्रीला दाखवलं, तो म्हणाला चाक खोलावं लागेल, दोन अडीच तास लागतील, लायनर नवीन टाकू. मी मालकाला फोन केला. मालक म्हणाला, आता धुळ्यापर्यंत ये, माल खाली कर, मग बघू. मी पण हो म्हणालो. मला कोणी बांधून नेलं नव्हतं, चावी माझ्या हातात होती.

सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट लागतो, घाट उतरला की महाराष्ट्राची हद्द आणि पळासनेर. आमच्यात जुने उस्ताद सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. मी डिझेल वाचवायच्या नादात वरच्या गिअरमध्ये सोडली आणि पाय ब्रेकवर ठेवून दिला. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला. ब्रेकच्या हवेच्या मीटरमध्ये हवा फुल होती, पेडल दबत होतं, पण गाडी धरत नव्हती. खालचा गिअर टाकायला गेलो तर नुसता खरखर आवाज, गिअर पडेना. माझ्यापुढे एक एसटी होती, खिडकीत बसलेलं एक लहान लेकरू मागे बघत होतं ते मला अजून दिसतं. रस्त्याचं काम चालू होतं म्हणून कडेला मुरमाचे ढिगारे होते, त्यातल्या एकात गाडी घातली. एसटी वाचली. माझा क्लीनर १९ वर्षांचा होता, त्याची मांडी मोडली, पायात रॉड टाकला, नंतर तो कधी लाईनवर आला नाही. पोलिसांना मी सांगितलं ब्रेक फेल झाला. पेपरात तेच आलं. तो फेल झाला नव्हता साहेब, मला सेंधव्यातच माहीत होतं.

तेव्हापासून हे वाक्य वाचलं की पोटात खड्डा पडतो. आता जरा खुलासेवार सांगतो, कारण वाचणाऱ्याला वाटतं ब्रेक म्हणजे एखादी वायर, ती तुटली की झालं. ट्रकला हवेचा ब्रेक असतो. कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, त्या हवेच्या जोरावर लायनर ड्रमला जाऊन दाबतो. आजकालच्या गाड्यांना मागे स्प्रिंगवाला ब्रेक पण असतो, म्हणजे हवा पूर्ण गेली तर उलट चाकं जाम होतात, गाडी सुटत नाही. मग घाटात गाडी सुटते कशी तर बहुतेक वेळा ड्रम तापून. सतत पाय ठेवला की ड्रम आणि लायनर इतके तापतात की पकडच राहत नाही, आणि त्यात लायनर घासलेला असेल, स्लॅक, म्हणजे लायनर आणि ड्रममधलं अंतर, ॲडजस्ट केलेला नसेल, गाडी ओव्हरलोड असेल तर मग काय विचारता. न्यूट्रलमध्ये सोडणारे पण आहेत, काही तर इंजिनच बंद करतात, म्हणजे इंजिनची पकड पण गेली, कॉम्प्रेसर पण बंद, स्टेअरिंग दगडासारखं जड. दोन लिटर डिझेलसाठी हे चालतं. यातलं एकही कारण अचानक येत नाही, प्रत्येकाची खबर ड्रायव्हरला आधी लागलेली असते, कधी आवाजाने, कधी वासाने, कधी पेडल नेहमीपेक्षा खोल जातं त्यावरून.

पळासनेरचं तुम्हाला आठवत असेल. ४ जुलै २०२३, मध्य प्रदेशकडून आलेला कंटेनर वाटेत गाड्यांना उडवत हायवेलगतच्या हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली, वीसच्या वर जखमी. तेव्हाही ब्रेक निकामी झाल्याचंच सांगितलं गेलं. त्या एका गाडीवर मी बोट ठेवत नाही. पण त्या घाटाखाली गाव आहे, स्टॉप आहे, तिथे माणसं चहा पीत बसलेली असतात हे घाट उतरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं. घाटात बिजासनी मातेचं मंदिर आहे, आपले सगळे ड्रायव्हर तिथे हात जोडतात, नारळ फोडतात, मी पण फोडायचो. गाडी तशीही पाच मिनिटं थांबतेच ना भो, मग त्याच पाच मिनिटांत खाली उतरून चाकांजवळ हात नेऊन बघ, ड्रम किती तापलेत ते हात न लावताही कळतं.

सकाळी गाडी सुरू करायच्या आधी जी फेरी मारायची असते तिला दहा मिनिटं पुरतात. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन एकेक टायर ठोकायचा. हवा बरोबर असेल तर टण्ण करून टॉमी उडतो, कमी असेल तर भद्द आवाज येतो, आणि जोडचाकातला आतला टायर बसलेला असेल तर हे ठोकल्याशिवाय कळतच नाही, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीला डांबर पाघळतं, त्यात हवा कमी असलेला टायर लवचत लवचत आतून तापतो आणि फुटतो, लोक म्हणतात उन्हाने फुटला. चाकाच्या नटाजवळ गंजाची लाल रेघ ओघळलेली दिसली की नट ढिला आहे समजायचं. हवेच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढायचं, ते किती काळं निघतं बघायचं. मग इंजिन बंद करून पेडल दाबून धरायचं आणि मीटरचा काटा खाली सरकतो का बघायचं, कुठून सूं सूं येतंय का ऐकायचं. शेवटी टपरीवरच्या एखाद्या पोराला मागे उभं करून ब्रेक लाईट लागते का विचारायचं आणि फडक्याने मागचं रेडियम पुसायचं. चिखलाने भरलेलं रेडियम असलं काय नसलं काय. बस एवढंच. यातल्या कशालाही इंजिनिअर लागत नाही.

आणि कायदा पण हेच सांगतो हे मला गाडी सोडल्यावर कळलं, माझ्या पोराने वाचून दाखवलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०. गाडीत असा दोष असेल जो माहीत होता किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, आणि तरी गाडी रस्त्यावर आणली, तर तो गुन्हा आहे, आणि चालवणारा एकटाच नाही, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा पण त्यात येतो. म्हणजे २०१० ला मी आणि मालक दोघं. मालक लोक फिटनेसचा कागद दाखवतात. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, नंतर दर वर्षी. पण तो कागद त्या एका दिवसाचा असतो, घाटातून रोज जाणाऱ्या गाडीचा लायनर काही पुढच्या पासिंगची वाट बघत नाही.

मालकांवर मी एकतर्फी टीका करत नाही, केळीचा धंदा मला माहीत आहे. सकाळी कापणी, संध्याकाळपर्यंत गाडी भरते, रात्रभर पळवायची, उशीर झाला तर माल पिकतो, भाडं कापलं जातं. १९६१ च्या मोटार कामगार कायद्यात दिवसाला आठ तास ड्युटी लिहिली होती, आमच्या लाईनवर आठ तासात कोणाचं भागलं मी तरी पाहिलं नाही. पहाटे तीन ते पाच डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. पूर्वी शेजारी क्लीनर असायचा, तो बोलत राहायचा, डाव्या बाजूला बाईक आली तर सांगायचा. आता खर्च वाचवायला क्लीनर ठेवतच नाहीत, आणि ट्रकच्या डाव्या अंगाला खाली काय आहे हे ड्रायव्हरला सीटवरून दिसत नाही हे बाईकवाल्यांना माहीत नसतं. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. डुलकी लागायला दोन सेकंद पुरतात.

पण तरीही माझं म्हणणं हेच की शेवटचा नकार ड्रायव्हरच देऊ शकतो. मालक जळगावात, व्यापारी दिल्लीत, आरटीओ ऑफिसात, गाडीचा आवाज फक्त त्याच्या कानात आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्या तालुक्यात किनगावजवळ पपईची गाडी उलटली, वर बसलेले किमान १५ मजूर गेले, रावेरकडची गरीब माणसं, बाया, लेकरं. मालाच्या वर माणसं बसतात तेव्हा ती ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर चढतात. कापसाच्या गाड्या बघा, दोन्ही बाजूंनी फुगून अर्धा रस्ता खातात, मागचे लाईट झाकले जातात, भरताना ड्रायव्हर तिथेच उभा असतो. एकदा नाही म्हणालं तर एखादी ट्रिप जाते, मालक चार शब्द बोलतो, हातची गाडी पण जाऊ शकते, मला हे सगळं कळतं. माझ्या क्लीनरचा पाय थंडीत अजून दुखतो, हे पण मला कळतं.

अजून एक, आणि हे छोटं वाटेल पण यात माणसं मरतात. गाडी बंद पडली की चाकाला दगड लावायचे, मागे पंधरा वीस पावलांवर दोन चार दगड आणि बाभळीची फांदी टाकायची. लाल त्रिकोण गाडीत असायला पाहिजे, तो सीटखाली असतो नाहीतर नसतोच. गाडी दुरुस्त झाली की ड्रायव्हर निघून जातो आणि दगड तिथेच. आमच्या शेजारच्या पोराची बाईक दिवाळीच्या आधी फाट्यावर अशाच दगडावर चढली, अंधार होता, हेल्मेट होतं म्हणून वाचला, जबड्याला तार बांधली होती, महिनाभर नुसत्या पेजेवर होता. ज्याने दगड ठेवला त्याला आजही माहीत नाही काय झालं ते. तेव्हापासून मी संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा फाट्यापर्यंत जातो आणि रस्त्यावरचे दगड उचलून बांधाला लावतो. मागच्या सोमवारी तीन होते, एकाला टायरचं काळं लागलेलं.

तर साहेब, तुमच्याकडे एक विनंती. तुमचे बातमीदार पोलीस ठाण्यात जातातच. पुढच्या वेळी ‘ब्रेक फेल’ लिहायच्या आधी त्यांनी दोन चार गोष्टी विचाराव्या. लायनर शेवटचे कधी बदलले, गाडीत माल किती टन होता, ड्रायव्हर कधी झोपला होता, घाट कुठल्या गिअरमध्ये उतरला. आणि मालकाला त्याने शेवटचा फोन कधी केला आणि काय बोलणं झालं. उत्तर मिळालं तर छापा, नाही मिळालं तर विचारलं होतं हे छापा. मला २०१० ला दवाखान्याबाहेर एक बातमीदार भेटला होता, चांगला माणूस होता, त्याने माझं नाव, गाव आणि गाडी नंबर लिहून घेतला आणि गेला.

आपला,
एक जुना ट्रक ड्रायव्हर
ता. यावल, जि. जळगाव