सईस पत्र : हे कर्ज कधी फिटणार?

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

युनिव्हर्सिटीच्या शिक्षणासाठी घेतलेलं सरकारी कर्ज फेडायला किती वर्षं लागतील, असं तू विचारलंस. फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहिते. इतकी वर्षं मी इथे इंग्लंडमध्ये लोकांचे पगार काढते आहे, त्यामुळे या कर्जापोटी पगारातून होणारी कपात कशी चालते हे मला दर महिन्याला दिसतं.

तू सप्टेंबर २०२५ मध्ये युनिव्हर्सिटीत गेलीस, म्हणजे तुझं कर्ज प्लॅन ५ मधलं. १ ऑगस्ट २०२३ पासून पुढे इंग्लंडमध्ये पदवीला लागलेल्या मुलांना हाच प्लॅन आहे. वर्षाला २५,००० पौंडांपर्यंत पगार असेल तर काहीच कापत नाहीत. त्याच्या वर जेवढा पगार, त्याचे ९ टक्के कापतात, तेही हातात पगार पडायच्या आधी, इन्कम टॅक्सबरोबरच. तुझी पदवी २०२८ मध्ये पूर्ण झाली की एप्रिल २०२९ पासून हे सुरू होईल. चाळीस वर्षांनी, एप्रिल २०६९ मध्ये, जे काही उरलं असेल ते माफ. तेव्हा तू बासष्टीच्या आसपास असशील. हा आकडा मी पहिल्यांदा मांडला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

आता बाकीचं बघू. २०२५-२६ ची फी ९,५३५ पौंड, शिवाय राहण्या-जेवणाचं कर्ज. तीन वर्षांत हे सगळं पन्नास हजारांच्या घरात जाईल. व्याज महागाईच्या दराइतकंच आहे, २०२५-२६ मध्ये ३.२ टक्के. त्या दराने ५०,००० वर ते वर्षाला १,६०० पौंड होतं आणि तेवढी कपात होण्यासाठी पगार साधारण ४२,८०० लागतो. नोकरीच्या सुरुवातीला तुझा पगार तेवढा नसणार. म्हणजे दर महिन्याला पैसे जातील आणि वर्षाअखेरीच्या स्टेटमेंटमध्ये बाकी मात्र आदल्या वर्षापेक्षा जास्त दिसेल. माझ्या ऑफिसातली तरुण मुलं ते बघून हवालदिल होतात. तू होऊ नकोस. व्याज महागाईइतकंच असल्यामुळे आजच्या पैशांत मोजलं तर ते ५०,००० आहे तिथेच असतात, आणि तू भरलेला प्रत्येक पौंड त्यातून खरोखर वजा होत असतो.

म्हणून मी सगळा हिशोब आजच्या पैशांत केला. २५,००० ची मर्यादाही महागाईबरोबर वाढत जाईल असं धरलं आहे. आयुष्यभर सरासरी पगार ५५,००० असेल, तर वर्षाला २,७०० कापले जातात आणि साडेअठरा वर्षांत कर्ज फिटतं. ४५,००० असेल तर जवळजवळ अठ्ठावीस वर्षं. ४०,००० वर सदतीस वर्षं. ३५,००० वर मात्र ते फिटतच नाही. चाळीस वर्षांत आजच्या पैशांत ३६,००० भरले जातात आणि उरलेलं सरकार सोडून देतं.

तुला शाळेत शिकवायचं आहे. लंडनबाहेर नव्या शिक्षकाचा पगार २०२५-२६ मध्ये ३२,९१६ पौंडांपासून होता. त्यावर महिन्याला साधारण ५९ पौंड कापले जातील. मुख्य पगारश्रेणीच्या शेवटच्या पायरीवर, त्याच वर्षीच्या ४५,३५२ वर, पोचलीस की महिन्याला दीडशेच्या थोडे वर. या चालीने तीन वर्षांच्या पदवीचं कर्ज तीसेक वर्षांत फिटेल. पीजीसीईचं, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षक-प्रशिक्षणाचं, एक वर्ष जोडलंस तर तेही याच कर्जात येतं आणि मुदत चाळीस वर्षांच्या जवळ सरकते. पुढे मुलं लहान असताना काही वर्षं अर्धवेळ काम केलंस तर आणखी. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे : नोकरीच्या जवळजवळ सगळ्या काळात ही कपात तुझ्याबरोबर असेल, असं धरूनच चाल.

मला हे न्याय्य वाटत नाही, हेही सांगते. दादाचं कर्ज तुमच्या आधीच्या मुलांच्या प्लॅन २ चं. त्याला व्याज जास्त लागतं, २०२५-२६ मध्ये त्याच्या पगारावर पावणेसहा टक्क्यांच्या घरात. पण त्याची मर्यादा २०२५-२६ मध्ये २८,४७० होती आणि त्याचं तीस वर्षांनी माफ होतं. तुमच्या वेळी व्याज उतरवलं, त्याचा फायदा मोठ्या पगारवाल्यांना झाला. मर्यादा खाली आणली आणि दहा वर्षं वाढवली, ती शिक्षिका आणि नर्सच्या वाट्याला आली. "कशाला काळजी करतेस, शेवटी माफच होतं," असं तुझ्या मैत्रिणी म्हणतात, ते दादाच्या बॅचबद्दल बरंचसं खरं आहे. तुमच्यातले निम्म्याहून जास्त जण पूर्ण फेडतील, असा सरकारचाच अंदाज आहे. नियम मध्येच बदलतात, हेही लक्षात ठेव. प्लॅन २ ची मर्यादा २१,००० वर पाच वर्षं गोठवायची असं २०१५ मध्ये ठरलं होतं. २०१७ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी ती २५,००० करायचं जाहीर केलं.

आजीला हे कर्ज म्हणजे संकट वाटतं, आणि तिचं चुकतही नाही. कऱ्हाडला तुझ्या मामेभावाचं शिक्षण तिने जवळून पाहिलंय. साडेसात लाखांच्या वर कर्ज म्हटलं की बँक सहसा तारण मागते, वडिलांची सही लागते, आणि शिक्षणानंतरची सवलतीची मुदत संपली की नोकरी लागलेली असो वा नसो, हप्ता सुरू होतो. तुझ्या कर्जात माझी किंवा बाबांची सही नाही, घर गहाण नाही. नोकरी गेली तर कपात आपोआप थांबते, दारात कोणी उभं राहत नाही. बाळंतपणात पगार कमी झाला तर कपातही कमी. माणूस गेलं तर कर्ज त्याच्याबरोबर संपतं, मागच्यांवर येत नाही. घरासाठी कर्ज घेताना बँक तुझ्या हातात येणारा पगार बघेल, तेवढा त्याचा परिणाम होईल.

म्हणून आजीची मुदत ठेव मोडून फी भरायची नाही, असं मी आणि बाबांनी ठरवलंय. महागाईइतक्याच व्याजाचं कर्ज टाळण्यासाठी तिच्या औषधपाण्याचे पैसे घालणं मला पटत नाही. नोकरी लागल्यावर तूही हातात चार पैसे आले म्हणून लवकर फेडायला जाऊ नकोस. तसे भरलेले पैसे परत मिळत नाहीत. ते घराच्या डिपॉझिटसाठी साठव.

काही गोष्टी मात्र काटेकोरपणे कर. नव्या नोकरीत फॉर्म भरताना प्लॅन ५ च लिही. चुकीचा प्लॅन लिहिल्यामुळे झालेल्या चुकीच्या कपाती मी दर वर्षी निस्तरते. कपात महिन्याच्या पगारावर होते, २,०८३ पौंडांच्या वर. एखाद्या महिन्यात जादा कामाचे पैसे आले आणि कापले गेले, पण वर्षाचा पगार २५,००० च्या आत राहिला, तर ते परत मागता येतात. ते मागायचेच. तीन महिन्यांपेक्षा जास्त परदेशी राहायला गेलीस, अगदी पुण्याला गेलीस तरी, कळवायला लागतं. तिथे मर्यादा वेगळी असते, भारतासाठी इथल्यापेक्षा कमी. आणि एमएसाठी वेगळं कर्ज घ्यायचा विचार आलाच, तर आधी मला फोन कर. त्याचे २१,००० च्या वर आणखी ६ टक्के कापतात, म्हणजे दोन्ही मिळून १५.

आजीला मी समजावलं, पण तिचं समाधान झालेलं नाही. तू स्वतः फोन करून सांग. माझ्यापेक्षा तुझं ऐकेल.

तुझी,
आई