डोकी नाही, नावं मोजायची

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर दोघांनी एकेक प्रश्न विचारला होता आणि दोन्हींची उत्तरं अर्धवट राहिली. आईचं म्हणणं, लोकांची पोरं सांभाळायची त्यात आठवडाभर शिकवण्यासारखं काय असतं? बाबांना काळजी शिबिरातल्या तळ्याची. मी अमेरिकेतल्या या मुलांच्या उन्हाळी शिबिरात काउन्सेलर म्हणून आले आहे, तर इथे काय शिकवतात ते सविस्तर लिहिते आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. इथला काउन्सेलर म्हणजे समुपदेशक नव्हे. मुलांच्या झोपायच्या खोलीत, म्हणजे केबिनमध्ये, त्यांच्याबरोबर झोपणारी, जेवणारी, त्यांना खेळाला आणि पाण्यावर नेणारी व्यक्ती म्हणजे काउन्सेलर. अमेरिकेत उन्हाळी निवासी शिबिरांची रीत फार जुनी आहे. 1861 मध्ये कनेक्टिकटमधले एक मुख्याध्यापक, फ्रेडरिक गन, आपल्या शाळेतल्या मुलांना चालवत समुद्राकाठी घेऊन गेले आणि तिथे तंबू ठोकून राहिले, तिथपासून ती मोजतात. मी आहे ते मेन राज्य देशाच्या अगदी ईशान्य टोकाला. पाइनची दाट झाडी, तळी आणि जूनमध्येही रात्री स्वेटर लागेल अशी थंडी.

बाबा, कागदपत्रांचं थोडक्यात. माझा व्हिसा जे-1, म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठीचा, त्यातला काउन्सेलरचा प्रकार. वय 18 पूर्ण हवं, इंग्रजी चांगलं हवं आणि मुक्काम जास्तीत जास्त चार महिने. विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही तो मिळतो. मुख्य कागद डीएस-2019, म्हणजे या व्हिसासाठी पात्र असल्याचा दाखला. त्याची झेरॉक्स तुमच्या कपाटात हिरव्या फायलीत ठेवली आहे. विमा सक्तीचा आहे: प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान 1,00,000 डॉलर आणि उपचारासाठी दुसरीकडे हलवावं लागलं तर 50,000. काम संपल्यावर 30 दिवस देशात राहता येतं, पण त्या दिवसांत कमाई करता येत नाही. आपल्याकडच्या लोकांची अडचण होते ती नावामुळे. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, फॉर्मवर कुणी ते गाळतं, मग सोशल सिक्युरिटी क्रमांक (इथे नोकरीला लागणारा सरकारी क्रमांक) अडकतो आणि पगारही. सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न् अक्षर लिहायचं, एवढाच उपाय.

आता पाणी. बाबा, तुम्ही पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकलात. तिथे काठावर दोन-तीन मोठी माणसं आणि पाण्यात चार पोरं असायची. इथे एका वेळी साठ-सत्तर मुलं पाण्यात असू शकतात. तळ्याचं पाणी गार आणि गढूळसर तपकिरी असतं, तळ दिसत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाची पोहण्याची चाचणी होते, तीही याच तळ्यात. शहरातल्या तलावात सुरेख पोहणारं मूल इथल्या गारठ्यात पहिल्या मिनिटाला धापा टाकू शकतं. चाचणीवरून ठरतं कोण उथळ पट्ट्यात राहील आणि कोण दोराच्या पलीकडे जाईल. मुलाच्या सांगण्यावर कधीच जायचं नाही. दोन वर्षं इथे येणाऱ्या मुलालाही चाचणी नव्यानं द्यावी लागते.

पाण्यात कुणी एकटं उतरत नाही, जोडी लागते. काठावर एक फळा आणि प्रत्येक मुलाच्या नावाचा गोल बिल्ला. पाण्यात शिरताना आपला बिल्ला स्वतः फळ्यावर लावायचा, बाहेर येताना स्वतः काढायचा. साधारण दर दहा मिनिटांनी शिट्टी होते. सगळ्यांनी जागच्या जागी थांबून जोडीदाराचा हात धरून वर करायचा, मग जोड्या मोजायच्या आणि फळ्याशी ताळा करायचा. या व्यवस्थेत बिघाड होतो तो जवळजवळ नेहमी एकाच जागी: मूल लघवीला किंवा टॉवेल आणायला बाहेर पडतं आणि बिल्ला तसाच राहतो. फळा सांगतो मूल पाण्यात आहे, पाण्यात मूल नाही. अशा वेळी "गेलं असेल केबिनमध्ये" असं म्हणायला सक्त मनाई आहे. बिल्ला आहे म्हणजे मूल पाण्याखाली आहे, असंच धरून चालायचं.

मग तीन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. सगळी मुलं बाहेर काढून बसवायची. एकानं धावत केबिन, संडास-बाथरूम आणि दवाखाना बघायचा, दुसऱ्यानं 911 ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावायचा. आणि आम्ही, म्हणजे जीवरक्षक नसलेल्या काउन्सेलरनी, उथळ पाण्यात हातात हात गुंफून रांग करायची आणि पायानं तळ चाचपत पुढे सरकायचं. खोल भागात जीवरक्षक ओळीनं बुड्या मारतात. प्राणवायूविना चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, म्हणून याचा सराव मुलं यायच्या आधी घड्याळ लावून पुन्हा पुन्हा घेतात. रांग पहिल्यांदा नेहमी तुटते, कारण उंच माणसं भराभर पुढे जातात. ठेंगण्यांच्या चालीनं चालायचं असतं.

बुडणारा माणूस ओरडत नाही, हेही इथे नीट समजावतात. सिनेमात हात हलवून हाका मारताना दाखवतात, तसं प्रत्यक्षात होत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पाण्याबाहेर पुरत नाही, मग ओरडणार कसं? शरीर उभं राहतं, डोकं मागे झुकतं, हात बाजूला पाणी दाबत राहतात आणि पाय हलत नाहीत. हे जेमतेम 20 ते 60 सेकंद चालतं. शांत झालेलं मूल दिसलं की आधी तिकडे बघायचं. आणि उडी मारायची नाही! आधी काठी किंवा वल्हं पुढे करायचं, मग दोरीची रिंग फेकायची, मग होडी, आणि पोहत जाणं अगदी शेवटी, तेही शिकलेल्या जीवरक्षकानंच. बाबा, तुमच्या रात्रीच्या काळजीला माझ्याकडे हेच उत्तर आहे. मी पाण्यात झेप घेणार नाही, काठावर वल्हं हातात धरून उभी असेन. ढगांचा गडगडाट ऐकू आला की पाणी रिकामं, आणि शेवटच्या गडगडाटापासून 30 मिनिटं होईपर्यंत कुणी परत उतरत नाही. मधे पुन्हा गडगडलं तर 30 मिनिटं नव्यानं मोजायची.

मोजणं हे इथल्या सगळ्या कामाचं मूळ आहे. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकांप्रमाणे निवासी शिबिरात 6 ते 8 वर्षांच्या सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, 9 ते 14 वर्षांच्या आठ मुलांमागे एक आणि 15 ते 18 वर्षांच्या दहा मुलांमागे एक. पण नुसता आकडा फसवतो. आपल्या आठातलं एक मूल मागे राहिलं आणि शेजारच्या केबिनमधलं एक मैत्रिणीबरोबर रांगेत शिरलं, तर बेरीज आठच येते. म्हणून डोकी मोजायची नाहीत. चेहऱ्याकडे बघून नाव घ्यायचं, निघताना आणि पोहोचल्यावर दोन्ही वेळा, आणि दोघी काउन्सेलरनी वेगवेगळं. सहलीच्या बसमध्ये इंजिन सुरू व्हायच्या आधी. मला यापेक्षा महत्त्वाचं काहीच वाटत नाही. मुलं हरवतात ती जंगलात कमी आणि एका जागेहून दुसरीकडे जातानाच्या त्या पाच मिनिटांत जास्त, कारण तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरी बघते आहे.

आई, आता तुझ्या प्रश्नाकडे. आपल्याकडे मूल रडलं की आपण मांडीवर घेतो, गालाचा मुका घेतो, लाडानं कान ओढतो. इथे यातलं काहीही चालत नाही. खांद्याला खांदा लावून बाजूनं जवळ घ्यायचं, तेही मुलाला हवं असेल तर आणि चार लोकांना दिसेल अशा जागी. एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. बोलायचं असेल तर केबिनच्या पायरीवर बसायचं, म्हणजे दिसतो सगळ्यांना पण ऐकू कुणाला जात नाही. मुलांचे फोटो आपल्या मोबाइलवर नाहीत, शिबिरानंतर समाजमाध्यमांवर मैत्री नाही. पहिल्यांदा ऐकताना हे कोरडं वाटतं. पण नियम सगळ्यांना सारखा असला की वाईट हेतूच्या माणसाला लपायला जागाच उरत नाही.

मूल म्हणालं, "कुणाला सांगणार नसशील तरच सांगते," तर तसं वचन द्यायचं नाही. "तुझ्या सुरक्षिततेचं असेल तर मला सांगावं लागेल," हे आधीच बोलायचं. मग ऐकायचं, आपण होऊन शब्द पुरवायचे नाहीत, "कुणी मारलं का?" असं सुचवायचं नाही, "मग काय झालं?" एवढंच विचारायचं. त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहून त्याच दिवशी संचालकांकडे द्यायचे. खरं-खोटं ठरवणं आमचं काम नाही.

घरच्या आठवणीनं रडणं मात्र रोजचंच. त्याच्या वेळाही ठरलेल्या: जेवणानंतरचा विश्रांतीचा तास आणि दिवे मालवल्यानंतरची पंधरा मिनिटं. हात रिकामे झाले की घर आठवतं. तेव्हा सगळ्यात मोठी चूक म्हणजे "दोन दिवस बघ, नाहीतर आई न्यायला येईल" असं सांगणं. मग मूल रमायचं सोडून दिवस मोजत बसतं. त्याऐवजी काम द्यायचं. टेबल मांडायला बोलवायचं, उद्याच्या झेंडावंदनाची दोरी त्याच्या हाती द्यायची, घरी पत्र लिहायला बसवायचं. रडणं चालेल, पण जेवण आणि झोप यांवर लक्ष ठेवायचं. दोन्ही बिघडली की वरिष्ठांना सांगायचं. रात्री अंथरूण ओलं झालं तर बाकीची उठायच्या आत चादर आणि झोपायची पिशवी बदलून टाकायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

किडे आणि झाडंही सांगते. इथे हरणांवरच्या गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होतो. गोचीड साधारण 24 तासांहून जास्त चिकटून राहिली तरच बहुधा संसर्ग होतो, म्हणून रोज संध्याकाळी तपासणी: काखा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांच्या मुळाशी, कमरेच्या पट्ट्याखाली. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. पिळायची नाही, काडीनं चटका द्यायचा नाही, व्हॅसलीन फासायचं नाही. आणि तीन-तीन पानांचं पॉयझन आयव्ही नावाचं झुडूप आहे. त्याचा चीक लागला की अंगावर फोड येतात. लगेच साबण आणि गार पाण्यानं धुवायचं, आणि ते लाकूड शेकोटीत कधीच जाळायचं नाही, कारण धूर श्वासात जातो.

शेंगदाण्याची ॲलर्जी इथे जीवावरची गोष्ट आहे. तू पाठवलेली शेंगदाण्याची चिक्की म्हणूनच मी केबिनमध्ये नेलेली नाही, कार्यालयात जमा केली आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. घसा सुजून श्वास अडकला तर एपिपेन नावाचं पेनसारखं तयार इंजेक्शन देतात. निळी टोपी काढायची, नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच जोरात दाबायचं, तीन सेकंद धरायचं, मग 911. घाबरून उलटं धरलं तर सुई आपल्याच अंगठ्यात जाते, म्हणून बिनसुईच्या पेनवर हात बसेपर्यंत सराव घेतात. औषधं मात्र साध्या क्रोसिनपर्यंत सगळी नर्सच देते. माझ्या गोळ्याही कुलपातच राहतात.

जेवणाची काळजी नको. सॅलड, पास्ता, दूध, फळं, ब्रेड-चीज मुबलक असतं. लाल राजम्यासारख्या दिसणाऱ्या चिलीत बहुतेक वेळा गाईचं मांस असतं, ते विचारूनच घ्यायचं. शेकोटीवर भाजतात त्या पांढऱ्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं, म्हणजे तेही शाकाहारी नव्हे. मी नुसतं बिस्कीट आणि चॉकलेट खाते.

आपल्या काही सवयी बदलाव्या लागतात. आपल्यासारखी मान दोन्ही बाजूंना डोलावून "हो" म्हटलं की इथल्या मुलांना कळत नाही, त्यांना ते "नाही" वाटतं. पाण्याच्या काठावर असा घोटाळा परवडत नाही, म्हणून तोंडानं स्पष्ट बोलायचं. टॉर्चला फ्लॅशलाइट, खोडरबराला इरेझर.

फोन दिवसभर कार्यालयात जमा असतो आणि आठवड्यातून एक दिवस सुटी मिळते. आपल्यात साडेनऊ तासांचं अंतर आहे. सुटीच्या सकाळी इथले साडेसहा म्हणजे तुमचे दुपारचे चार. चहा ठेवलात की फोन जवळ घेऊन बसा. इतर दिवशी माझा फोन लागला नाही तर घाबरू नका. तातडीचं असेल तर कार्यालयाचा नंबर फ्रिजवर चिकटवला आहे, तिथे रात्रीही माणूस असतो. बाबा, बीपीची गोळी नाश्त्याच्या आधीच घ्या आणि आठवड्याचे आकडे वहीत लिहून ठेवा, मी विचारणार आहे.

तुमची लेक