नक्षीच्या आधी कापड बघा

महोदय,

गावोगावच्या बचत गटांत हल्ली जुन्या साड्या-शर्टांच्या पिशव्या, अभ्रे, गोधड्या करायला शिकवतात. काम चांगलंच आहे. पण पहिल्याच दिवशी रंगाच्या बाटल्या उघडतात आणि कापड कशाचं, हे कोणी पाहत नाही. मग दोन धुण्यांत फुलं उडतात.

आपण पिकवतो कपाशी, पण आलमारीतून निघतं टेरिकॉट, म्हणजे सूत-पॉलिस्टरची मिसळ. ओळखायला कापडाच्या कडेचे चार धागे उसवून चिमट्यात धरून पेटवा. सुताला कागद जळाल्यासारखा वास येतो, मागे मऊ राख राहते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी होतो. राखही आणि मणीही दिसला तर मिसळीचं कापड समजा. ते अस्तराला किंवा पायपुसण्याला चालेल. खाली सांगितलेला रंग मात्र निव्वळ सुतावरच धरतो.

मग कापड उजेडासमोर धरा. लुगडं बसण्याच्या जागी विरतं, काठ-पदर टिकतात. शर्टाची बगल आणि कॉलर सोडून पाठ घ्यावी. विरलेल्या जागी भरतकाम केलं की कापड टाक्याच्या रेषेतच फाटतं.

काळ्या ठशांना बाजारातलं काहीच लागत नाही. तुटके विळे, खुरपी, बैलाचे जुने नाल असं किलोभर गंजकं लोखंड, पाव किलो गूळ आणि पाच लिटर पाणी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात पंधरा-वीस दिवस ठेवावं. वर फडकं बांधा. झाकण घट्ट लावलं तर आत वायू कोंडतो. गाळलेल्या पाण्यात चिंचोक्याचं पीठ शिजवून पातळ पिठल्याइतकं दाट करा. त्याहून पातळ झालं तर ठसा पसरतो.

ठशांच्या आधी कापडाची तयारी हवी. एक किलो कोरड्या कापडाला 30 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. नंतर कापडावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब लगेच मुरला तर ठीक. वर उभा राहिला तर खळ किंवा तेलकटपणा आहे, पुन्हा उकळा. रात्रभर भिजवलेल्या 200 ग्रॅम हिरड्याच्या पुडीचं पाणी गाळून त्यात कापड अर्धा तास बुडवा आणि न खळबळता पिळून वाळवा. हिरडा मेळघाट-गडचिरोलीच्या जंगलातलाच आहे, लांबून आणावा लागत नाही. आता भेंडी आडवी कापून त्या लोखंडाच्या दाट पाण्यात बुडवून ठसा उमटवा. आधी फिकट राखाडी दिसणारं फूल बघता बघता काळं पडतं, कारण हिरड्यातला तुरट अंश लोखंडाला धरतो. वीस-पंचवीस ठशांनी भेंडी मऊ पडली की नवा काप घ्यावा.

दोन-तीन दिवस वाळू द्या, मग भरपूर पाण्यात धुवा. कमी पाण्यात चोळलं तर सुटलेला काळा रंग सगळ्या कापडावर बसतो. आणि जास्त काळं व्हावं म्हणून एकाच जागी ठशावर ठसा देऊ नका. लोखंड जास्त झालं की सूत कुजतं आणि पुढे तिथं नेमकं फुलाच्या आकाराचं भोक पडतं.

शिवताना सुती दोराच वापरा. पॉलिस्टरचा दोरा जुन्या मऊ कापडाला कापत जातो. ठिगळाचं नवं सुती कापड आधी गरम पाण्यात धुवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आकसतं आणि भोवतालच्या जुन्या कापडाला चुण्या पडतात. गोधडीचे थर मधून कडेकडे कच्च्या टाक्यांनी बसवून मगच इंच-इंच अंतराने धावदोरा घाला. कडेपासून सुरू केलं तर मधे फुगा येतो, तो मग उसवल्याशिवाय जात नाही.

प्रशिक्षणं भरवणाऱ्यांना विनंती आहे की पहिला दिवस कापड निवडायला आणि उकळायला ठेवावा, आणि साहित्याच्या यादीत रंगाच्या पेटीऐवजी हिरडा आणि चिंचोके घालावेत.

– शिवणकाम शिकवणाऱ्या दोघी,
जि. यवतमाळ